वयल्या पैशांचं गाऱ्हाणं

आमच्या काजूच्या कारखान्यात पगाराला जितके शब्द आहेत तितके पैसे असते, तर मी आज दोन मजली बंगल्याच्या गॅलरीत बसून हे लिहिलं असतं. दिवसभर काम केलं तर तो रोज. दुपारीच घरी पळालात तर अर्धो रोज. आलाच नाहीत तर खाडो. गणपतीच्या आधी हात पसरून घेतलेत तर ती उचल. किलोच्या भावाने काम अंगावर घेतलंत तर उक्ता. दिवाळीला मालक खुशीने हातावर ठेवील ती पोस्त. आणि सुटायची वेळ झाल्यावरही थांबून सोलत बसलात, तर त्याचे ते वयले. वयले म्हणजे वरचे. मुंबईवाले त्याला ओव्हरटाइम म्हणतात, सरकारी मराठीत त्याला अतिकालिक भत्ता म्हणतात, आणि आमचे धाकटे मालक त्याला काहीच म्हणत नसत. म्हटलं की द्यावे लागतात ना!

मी सोलणाऱ्या बायकांची मुकादम. मालवणच्या रस्त्याला, खाडीच्या जरा अलीकडे आमचा कारखाना आहे. पत्र्याची लांब शेड, एका टोकाला भट्टी, दुसऱ्या टोकाला मालकाचं काचेचं ऑफिस आणि मधे आम्ही. भाजून फोडलेल्या बियांतला गर आमच्यापुढे येतो, त्याची तांबडी साल सुरीने काढायची आणि गर अख्खा ठेवायचा. मुकादम असले तरी मी खुर्चीवर बसत नाही, सुरी घेऊन बायकांबरोबर खालीच बसते. मला मुकादम केली ती माझा आवाज बघून. अक्कल बघून केली असं माझा नवरासुद्धा म्हणत नाही. मी शेडमधून ओरडले की भट्टीवरच्या आबांच्या हातातलं लाकूड खाली पडतं. राग लवकर येतो, काय करू? जातोही लवकर, पण तोवर समोरच्याचं जे व्हायचं ते झालेलं असतं.

मोठे मालक होते तोवर वयल्यांचा प्रश्न कधी आला नाही. उशीर झाला की ते स्वतः दारात उभे राहत आणि जाताना प्रत्येकीच्या हातावर काहीतरी ठेवत. कधी पैसे, कधी सकाळच्या बाजारातले बांगडे. एकदा तर नुसते दोन दोन नारळ दिले. हिशोब कोणी विचारला नाही, कारण हात कधी रिकामा गेला नाही. ते गेले आणि पुण्याहून मॅनेजमेंट शिकून त्यांचा मुलगा आला. मुलगा तसा बरा. हसून बोलतो, बायकांना अगं-तुगं करत नाही, संडास त्याने पहिल्याच महिन्यात नवीन बांधून दिला. पण आल्या आल्या त्याने सगळ्यांना गोळा करून भाषण केलं.

"आजपासून इथे कोणी मालक नाही, कोणी कामगार नाही. आपण सगळे एक फॅमिली आहोत."

बायकांनी टाळ्या वाजवल्या. माझी थोरली जाऊ मात्र उभी राहिली. ही आमची जाऊ मूळची आरोंद्याची. गोव्याच्या वेशीवरची माणसं पैशाचं बोलताना जीभ चावत नाहीत. तिने पदर खोचला आणि विचारलं, "फॅमिली तर फॅमिली, बरा झाला. मगे आमका वाटणी कधी मेळतली?"

मालक हसले, पण कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मी जाऊला खाली ओढून बसवली. आम्ही दोघी एका घरात राहतो, बरं का. चुली दोन, अंगण एक, विहीर एक. कारखान्यात मी तिची मुकादम आणि घरी ती माझी थोरली. सकाळी ती मला पाणी नीट शेंद म्हणून ओरडते, दुपारी मी तिला गर मोडू नको म्हणून ओरडते. असा आमचा हिशोब बरोबर सुटतो.

तर गणपती तोंडावर आले आणि मुंबईच्या व्यापाऱ्याची मोठी ऑर्डर आली. रोज सुटायच्या वेळेनंतरही बसावं लागणार होतं. बायका घड्याळाकडे बघायला लागल्या, कारण शेवटची एसटी चुकली की रिक्षा, आणि रिक्षावाला काही फॅमिलीतला नाही. मी ऑफिसात गेले आणि विचारलं, "दादा, बायका थांबतील, पण वयल्यांचं काय?"

"बघूया," मालक म्हणाले.

आता ‘बघूया’ हा शब्द आमच्या भागात सगळ्यांना ठाऊक आहे. सोयरिकीला ‘बघूया’ म्हणाले की मुलीकडचे उठून चपला शोधतात. मलाही कळलं होतं. पण ऑर्डर गेली असती तर पुढचं काम गेलं असतं, आणि बायका माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मी शेडमध्ये आले आणि माझ्या या मोठ्या तोंडाने सांगून बसले, "थांबा गो सगळी. वयले मेळतले. नाय मेळले तर माका विचारा. मी सांगतंय मां!"

जाऊ सुरी पुसत म्हणाली, "तू सांगतंस तां आयकला. तो काय सांगता?"

"तो काय सांगतलो? मी सांगतंय मां!"

झालं. मालकाची जबान मीच देऊन मोकळी झाले. बायका थांबल्या. रोज काळोख पडेपर्यंत सोललं. रिक्षात पाच-सहा जणी एकमेकींच्या मांडीवर बसून घरी गेल्या. ऑर्डर वेळेत गेली, गणपती आले, गेले, पगार झाला आणि पगारात वयले नव्हते.

बायका भांडल्या असत्या तर मला चाललं असतं. भांडणात मी कुणाला हार जात नाही. पण त्या भांडल्याच नाहीत. त्यांनी मला नाव ठेवलं. मंगळवारच्या बाजारात मी टोपली घेऊन शिरले, तर माशाच्या ओळीतून आवाज आला, "इली गो इली, मेळतले इली!" त्या दिवसापासून मी ‘मेळतले’, म्हणजे ‘मिळतील’. विहिरीवर गेले तर मेळतले. देवळात गेले तर मेळतले. कोळीण सुटे पैसे परत द्यायला विसरली आणि मी मागितले, तर म्हणते, "मेळतले, मेळतले!" आणि सगळा बाजार खो खो हसतो. घरी तर विचारूच नका. जाऊ अंगणातून आपल्या नवऱ्याला हाक मारायची, "अहो, मेळतलेक विचारा, आज कढी केली हा काय." माझा राग काय झाला असेल! पण ओरडू कुणावर? जबान मीच दिली होती. बायका खोटं काय बोलत होत्या? रात्री अंथरुणावर पडले की एकच डोक्यात यायचं. माणसाची जमीन गेली तर कोर्टात जाता येतं, जबान गेली तर कुणाकडे जायचं?

मी मालकाकडे गेले. एकदा नाही, पुन्हा पुन्हा गेले, आणि दर वेळी मालकांनी मला पैशाऐवजी एक नवीन शब्द दिला. पहिल्यांदा म्हणाले, "इन्सेंटिव्हचं काहीतरी करू." पुढच्या वेळी म्हणाले, "कॉम्प-ऑफ देऊ. म्हणजे जादा थांबलात त्याच्या बदल्यात सुट्टी."

"सुट्टी कधी?"

"ऑफ सीझनला."

"दादा, ऑफ सीझनला कारखाना बंदच असतो."

"मग बरंच की," मालक म्हणाले, आणि खरंच सांगते, ते चेष्टा करत नव्हते.

त्यानंतर एके दिवशी कणकवलीहून पिझ्झा आले. टीमचं कौतुक म्हणून. गाडीतून येता येता ते पार गार झाले होते. जाऊने एक तुकडा उचलला, वरचं ओढून बघितलं, ते हातभर लांबलं. "वयले मेळले गो!" ती शेडभर ओरडली. "हे बगा, तानले की वाडतत!" बायका हसून लोळल्या आणि मी माझा तुकडा तसाच खोक्यात परत ठेवला.

अशात नवीन मशीन आलं. गर वाळवायचं, विजेवरचं, भलंमोठं. मालकांना ते लगेच सुरू करायचं होतं, पण त्यांच्या आईने सांगितलं, देवाला नारळ ठेवल्याशिवाय आणि गाऱ्हाणं घातल्याशिवाय बटण दाबायचं नाही. आमच्याकडे कसलंही काम गाऱ्हाण्याशिवाय सुरू होत नाही. एक जाणता माणूस देवापुढे उभा राहून सगळ्यांच्या वतीने मागणं मागतो आणि प्रत्येक मागण्याला जमलेले सगळे ‘होय म्हाराजा’ म्हणतात. हे ‘होय म्हाराजा’ आम्ही डोक्याने म्हणत नाही. पाळण्यात असल्यापासून ऐकतो, त्यामुळे समोरच्याचा आवाज चढून थांबला की आपल्या तोंडातून ते आपोआप निघतं. शिंक अडवता येईल एक वेळ, हे अडवता येत नाही.

गाऱ्हाणं घालायला आमचे भट्टीवाले आबा. माणूस दिवसभर भट्टीपुढे गप्प, पण गाऱ्हाण्याला उभा राहिला की आवाज असा काही फुटतो! मालकांनी नवा झब्बा घातला होता. मोबाइल एका पोरीच्या हातात दिला आणि तिला बजावलं, सुरुवातीपासून शेवटपर्यंत सगळं रेकॉर्ड कर, फेसबुकवर कारखान्याच्या पानावर टाकायचं आहे.

आबांनी डोकीवर टॉवेल घेतला, हात जोडले आणि सुरुवात केली.

"बा देवा म्हाराजा! आज ह्या तुज्या लेकरान नवीन मशीन हाडल्यान हा, तां बरा चलांदे रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"ह्या कारखान्याक कोणाची वाकडी नजर लागली आसात, ती दर्यात बुडवन टाक रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

मालकांचा आवाज सगळ्यांत मोठा. रेकॉर्डिंग चालू होतं ना! आबांनी श्वास घेतला, आणि त्याच सुरात, त्याच चालीत, डोळे न उघडता पुढे गेले.

"ही सोलणारी बायलमाणसा काळोख पडासर थांबतत, त्येंका त्येंचे वयले पैशे दर पगाराक दुप्पट देवची बुद्धी ह्या धन्याक दी रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

मालकच पहिले म्हणाले. छाती फुगवून, मान वर करून. म्हणून झाल्यावर त्यांचं तोंड तसंच उघडं राहिलं. पण आबा थांबतायत कुठे? त्यांनी भट्टीवाल्याचेही वयले मागून घेतले, ‘होय म्हाराजा’. आणि आता मी जिंकले म्हणून माझ्या अंगावर शहारे येतायत, तोवर पुढचं आलं.

"आणि ही जी आमची मुकादमीण आसा, तिच्या जिभेर वायच गोडवो दी, आणि तिचो आवाज कमी कर रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

सगळ्यांत मोठ्याने कोण ओरडलं असेल? मीच! माझ्याच कानात माझा आवाज घुमला. जाऊ पोट धरून खाली बसली.

नारळ फुटला, मशीन सुरू झालं. मालक आबांना बाजूला घेऊन शुद्ध मराठीत म्हणाले, "आबा, गाऱ्हाणं ही प्रार्थना असते, ते काही ॲग्रीमेंट नव्हे." आबांनी टॉवेल झटकला. "तां माका म्हायत नाय. मी देवाक सांगलंय. तू होय म्हटलंस. आता तू आणि तो बगून घेवा." मालकांनी व्हिडिओ पुसायचा ठरवला, पण ज्या पोरीच्या हातात मोबाइल होता ती हुशार. तिने तो तेवढ्यात मालकांच्याच घरच्या ग्रुपवर टाकला होता. मुंबईचे काका, दुबईची बहीण, सगळ्यांचे हात जोडलेले निरोप आले. आणि मालकांच्या आईने संध्याकाळी ऑफिसात येऊन विचारलं, "देवाक होय म्हटलंस मां? मगे?"

तिच्यापुढे मॅनेजमेंटचं काही चाललं नाही. पुढच्या पगाराला वयले आले, मागचे धरून. बायकांनी मला ‘मेळतले’ म्हणायचं सोडलं. अर्थात श्रेय सगळं देवाला आणि आबांना. महिनाभर काचेच्या ऑफिसात जाऊन शब्द गोळा केले मी, आणि बायका म्हणतात, "देवान आयकल्यान." देव कधी सोलायला बसला होता का? पण मी बोलले नाही. माझी जबान राहिली होती. त्या दिवशी बाजारात मी मान वर करून गेले आणि कोळणीशी अर्धा तास उगाच घासाघीस केली.

फक्त एक झालं. माझ्या पगारात वयले नव्हते.

मला वाटलं चूक असेल. ऑफिसात गेले. मालक अगदी प्रेमाने म्हणाले, "अहो, तुम्ही सुपरवायझर. सुपरवायझर म्हणजे स्टाफ. स्टाफला ओव्हरटाइम नसतो. आणि गाऱ्हाण्यातसुद्धा ‘सोलणारी बायलमाणसं’ असंच आहे. मी तो व्हिडिओ नीट ऐकला."

एरवी काच फुटली असती. पण जिभेवर गोडवा मागून घेतलेला, त्याला होय म्हटलेलं. मी "बरं" म्हणून बाहेर आले. वाईट वाटलं. खूप वाईट वाटलं. पैशाचं वाटलंच, खोटं कशाला बोलू? पण जास्त वाटलं ते हे, की आता सांगणार कुणाला? बायकांना सांगितलं तर पुन्हा हसतील. जी दुसऱ्यांना मेळतले मेळतले करत होती तिलाच मेळले नाहीत!

घरी येऊन गप्प सोलकढीला नारळ खवायला बसले. जाऊ दारात आली. "तुजे किती इले?"

"इले," मी म्हटलं.

ती तिथेच उभी राहिली. "खोटा सांगतंस. इले असते तर एव्हाना वाडीभर आवाज झालो असतो." मी मान खाली घालून खवत राहिले. ती चप्पल घालून, शेडमध्ये आमच्याबरोबर बसणाऱ्या शेजारणीकडे निघून गेली. मला वाटलं, झालं, आता नवीन नाव काय ठेवतात ते बघायचं.

दुसऱ्या दिवशी दिवाळीच्या ऑर्डरचं काम होतं. सुटायची वेळ झाली आणि सगळ्या बायका एकदम उठल्या. सुऱ्या खाली, पदर झटकले. मी तोंड उघडायच्या आत मालक काचेतून बाहेर धावले.

"काय झालं? आता तर वयले देतो ना मी!"

जाऊ पुढे आली. "हिचे?"

"त्या स्टाफ आहेत."

जाऊने माझा हात धरला. धरला म्हणजे मनगटाला असा हिसका दिला की मी जवळजवळ आपटले. तो हात तिने मालकांच्या डोळ्यांसमोर नेला. काजूचा चीक लागून लागून काळी पडलेली बोटं, नखं तर बघवत नाहीत. मला लाज वाटली, मी हात मागे ओढायला लागले, पण तिने सोडला नाही.

"ह्यो हात स्टाफचो?" जाऊने विचारलं.

"तसं नाही, पण पॉलिसी..." असं काहीतरी मालक पुटपुटले.

"गाऱ्हान्यात वयल्यांक हिचा नाव घेवचा रवला, इतक्याच मां?" जाऊ म्हणाली आणि भट्टीकडे वळून ओरडली, "आबाऽऽ!"

आबांनी हातातलं लाकूड ठेवलं. सावकाश उठले, डोकीवर टॉवेल घेतला, देवळाच्या दिशेला तोंड केलं आणि हात जोडले.

"बा देवा म्हाराजा..."

"थांबा!" मालक ओरडले. "थांबा, थांबा आबा! देतो! गाऱ्हाणं नको, देतो मी!" मग घाईत त्यांची पुण्याची मराठी कुठल्या कुठे गेली. "दितंय म्हटलंय मां! मागचे धरून दितंय! तुमी आदी टॉवेल काडा बगू!"

शेड हसून हसून फुटायची बाकी राहिली. बायका पुन्हा खाली बसल्या, सुऱ्या हातात घेतल्या. मला काहीतरी बोलायचं होतं, निदान ‘चला, हसू नका, काम करा’ एवढं तरी. तोंडातून आवाजच फुटेना. डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं, सगळ्यांच्या देखत. ज्या हाताने ते पुसायचं तो जाऊने अजून धरलेलाच होता.

"रड गो, सावकास रड," जाऊ म्हणाली. "सुटाची वेळ होवन गेली हा. ह्या रडण्याचेय वयले मेळतले."